लेकीची सायकल आणि पुढचा शॉकअप

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



गोदाकाठच्या गंगाखेड-पालमच्या बाया असोत, जिंतूरकडच्या डोंगराळ भागातल्या असोत, की सेलू-मानवत-पाथरीच्या काळ्या रानातल्या. आज मी सगळ्यांच्या ओसरीत उभ्या असलेल्या एका वस्तूबद्दल बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे लेकीची सायकल. त्यातही सायकलच्या पुढच्या शॉकअपबद्दल.

तुम्ही म्हणाल, ताई, हा काय बायांचा विषय आहे का? दुकानदार बघून घेईल. पण जरा आठवून बघा. तुमच्या गल्लीत किती सायकली भिंतीला टेकून पडल्यात? कुणाचं हँडल खडखडतं, कुणाचा शॉकअप दबत नाही, कुणाचं पुढचं चाक डगमगतं. दुरुस्तीचं दुकान तालुक्याला. घरधन्याला सवड नाही. पेरणी झाली की बघू, कापूस वेचून झाला की बघू. तोवर पोरगी दोन दिवस मैत्रिणीच्या मागं बसून जाते, तिसऱ्या दिवशी पायी जाते, आणि आठवड्यानं घरीच थांबते. घरी थांबलेल्या पोरीला काम लगेच सापडतं. महिनाभर शाळा बुडाली की नववी-दहावीच्या मुलीबद्दल घरात वेगळंच बोलणं सुरू होतं. सायकलचा एक सैल नट इथवर पोचतो, म्हणून हा आपलाच विषय आहे.

सायकलनं मुलीच्या शाळेत किती फरक पडतो, हे बिहारमध्ये मोजलं गेलंय. तिथं २००६ साली सरकारनं नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. अर्थतज्ज्ञांनी नंतर अभ्यास केला, तेव्हा त्या वयाच्या मुलींचं माध्यमिक शाळेत नाव असण्याचं प्रमाण जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहीम चालली. त्या मोहिमेत बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. शेतमजूर बाया, दगडखाणीत काम करणाऱ्या बाया, अंगणवाडीच्या ताया, अशा हजारो जणी सायकलवर बसल्या. आपल्याकडंही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. लांबच्या मुलींसाठी एसटीची निळी बस आहेच. पण सायकल मिळणं हे निम्मं काम. ती रोज चालती ठेवणं हे दुसरं निम्मं, आणि ते आपल्या हातात आहे.

शॉकअप म्हणजे नेमकं काय?

आपल्या आज्यांच्या काळच्या काळ्या सायकलीला पुढं साधा लोखंडी चिमटा असायचा. दोन पायांचा, एकसंध. चाक त्या दोन पायांच्या मधे. आता पोरं जी जाड टायरची, रेंजर म्हणतो तशी सायकल मागतात, तिच्या चिमट्याच्या दोन्ही पायांत शॉकअप असतो. ही चाल डोंगरात चालवायच्या सायकलींवरून आली. अमेरिकेत १९८९ साली पॉल टर्नर आणि स्टीव्ह सायमन्स यांनी रॉकशॉक्स नावाची कंपनी काढली आणि मोटारसायकलसारखा दबणारा चिमटा डोंगरातल्या सायकलीला बसवून विकायला सुरुवात केली. तिथून ती पद्धत जगभर पसरली आणि आता आपल्या आठवडी बाजाराच्या गावातल्या दुकानातही आली.

सायकलसमोर उभ्या राहा आणि नीट बघा. चिमट्याच्या प्रत्येक पायात वरून एक बारीक, चकचकीत नळी येते. ती खालच्या जाड नळीत शिरते. दोन्ही जिथं भेटतात तिथं रबराची टोपी किंवा घड्याघड्यांचं रबरी कव्हर असतं. आत लोखंडी स्प्रिंग असते, आणि नळी सरळ सरकावी म्हणून प्लॅस्टिकचं किंवा धातूचं बुश असतं. खड्डा आला की चकचकीत नळी खाली सरकते, स्प्रिंग दबते, धक्का हाताला कमी लागतो.

वर, हँडलच्या खाली, चिमट्याचा दांडा फ्रेममध्ये शिरतो. तिथं वर-खाली छर्रे बसवलेले असतात, म्हणून हँडल अलगद वळतं. त्या जागेला आज आपण सायकलची मान म्हणू. खडखडाट आला की लोक शॉकअपला दोष देतात, पण पुष्कळदा दुखणं मानेत असतं.

अजून एक गोष्ट. महागड्या शॉकअपमध्ये तेल असतं किंवा हवा भरलेली असते. त्याची दुरुस्ती वेगळी, हत्यारं वेगळी. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींत मात्र स्प्रिंग आणि ग्रीस, एवढंच असतं. मी बोलतेय ते या स्प्रिंगच्या शॉकअपबद्दल. सायकलच्या चिमट्यावर हवा भरायची बारीक मोळी दिसली, तर तो हवेचा शॉकअप आहे. तो घरी उघडायचा नाही.

पाच मिनिटांची तपासणी

दर रविवारी, पोरगी घरी असताना, तिला सोबत घेऊन ही तपासणी करा. हत्यार लागत नाही. फक्त हात, डोळे आणि कान.

पहिली तपासणी, दाबून बघायची. पुढचा ब्रेक घट्ट धरा आणि हँडलवर दोन्ही हातांनी भार द्या. शॉकअप दोन बोटं तरी दबला पाहिजे आणि लगेच वर आला पाहिजे. दबलाच नाही, तर आत गंज आहे किंवा माती आहे. दबला आणि तसाच खाली राहिला, तर नळी अडकतेय किंवा स्प्रिंग तुटलीय. दबताना करकर वाजला, तर तो कोरडा पडलाय. दोन्ही पाय सारखे दबतात का, तेही बघा.

दुसरी तपासणी, हलवून बघायची. पुढचा ब्रेक धरूनच सायकल पुढं-मागं ढकला. टक-टक असा आवाज आला, तर तो कुठून येतो ते बोटानं शोधायचं. एका हातानं ब्रेक धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं मानेच्या जोडावर ठेवा. तिथं हालचाल जाणवली, तर मान सैल आहे. तिथं नाही, तर बोटं रबरी कव्हरजवळ, दोन नळ्यांच्या जोडावर ठेवा. तिथं जाणवली, तर आतलं बुश झिजलंय. स्वस्त शॉकअपला नवा असतानाही जरासा खुळखुळाट असतो. तो महिन्या-महिन्याला वाढत चालला, तर काळजी करायची. ब्रेकची रबरं सैल असली तरी असाच आवाज येतो, म्हणून तीही हातानं हलवून बघा.

तिसरी तपासणी, वळवून बघायची. पुढचं चाक जमिनीवरून उचला आणि हँडल हळूच डावीकडं-उजवीकडं फिरवा. ते अलगद फिरलं पाहिजे. फिरताना खरखर लागली, किंवा बरोबर मध्यावर आल्यावर अडकल्यासारखं झालं, तर मानेतले छर्रे कोरडे आहेत किंवा खराब झालेत.

चौथी तपासणी, चाकाची. चाकाला वरून धरून आडवं हलवा. डुगडुगलं तर एक्सलचे नट सैल आहेत किंवा चाकाच्या मधल्या बेअरिंग सैल आहेत. दोन्ही बाजूंचे नट घट्ट आहेत ना, हे पान्यानं पाहून घ्या. चाक चिमट्याच्या बरोबर मधे आहे ना, हेही समोरून बघा.

पाचवी तपासणी, हँडलची. पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरा आणि हँडल वळवायचा प्रयत्न करा. चाक जागेवर आणि हँडल फिरतंय असं झालं, तर हँडलच्या मधला बोल्ट लगेच आवळा. पोरगी उंच झाली की आपण हँडल वर घेतो. तेव्हा हँडलच्या दांड्यावर एक खूण कोरलेली असते, ती बघायची. ती खूण बाहेर दिसता कामा नये. दिसली, म्हणजे दांडा जास्तच वर आलाय आणि तो निसटू शकतो किंवा मोडू शकतो.

काळी माती, पाऊस आणि धूळ

आपल्या भागातल्या शॉकअपचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे आपलीच काळी माती. पावसाळ्यात ती टायरला आणि मडगार्डला चिकटते, चाक फिरेना होतं. तीच माती चकचकीत नळीवर वाळते. नळी वर-खाली झाली की वाळलेले कण रबराखाली जातात आणि आतून घासतात, पाट्यावर चटणी वाटावी तसे. फाल्गुन-चैत्रात धूळ तेच काम करते. आणि मे महिन्याच्या उन्हात उभी राहिली की रबर तडकतं. तडकलेल्या रबरातून पुढच्या पावसाचं पाणी थेट आत.

म्हणून साफसफाईची रीत नीट ठेवायची. चिखलातून सायकल आली की चिखल ओला असतानाच काटकीनं काढा. बादलीभर पाणी आणि फडकं घेऊन पुसा. मोटारीच्या पाइपची धार किंवा फवारणी पंपाची पिचकारी शॉकअपवर, मानेवर आणि चाकाच्या मधोमध मारायची नाही. जोरात मारलेलं पाणी रबराच्या आत शिरतं, बाहेर येत नाही, आणि महिन्याभरात आत गंज धरतो. पुसून झाल्यावर सायकल सावलीत वाळू द्या.

वाळल्यावर रबरी कव्हर असेल तर हलक्या हातानं वर सरकवा. टोपी असेल तर तिच्या कडेनं पुसा. चकचकीत नळी स्वच्छ फडक्यानं कोरडी करा. मग प्रत्येक नळीला शिलाई मशीनचं तेल तीन-चार थेंब लावा. हँडल दहा-पंधरा वेळा दाबा. नळीवर काळं तेल वर येईल, ते पुसून घ्या. वर तेलाचा ओलावा राहू द्यायचा नाही, नाहीतर धूळ त्यालाच चिकटते. पावसाळ्यात हे आठवड्याला एकदा आणि एरवी पंधरा दिवसांतून एकदा केलं तरी शॉकअपचं आयुष्य वाढतं.

एक सावधगिरी. तेलाचा हात रिमला, ब्रेकच्या रबराला किंवा डिस्क ब्रेकच्या चकतीला लागू द्यायचा नाही. तेल लागलं की ब्रेक लागत नाही. लागलंच, तर रिम साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडी करा. ब्रेक तपासल्याशिवाय पोरीला रस्त्यावर सोडू नका.

बहिणी विचारतात, घरातलं तेल चालेल का? गोडतेल नको. ते काही दिवसांत चिकट होतं आणि त्याचा डिंक बनतो. रॉकेल आणि डिझेल नको. ते आतलं ग्रीस धुऊन काढतात आणि रबर फुगवतात. मोटारसायकलचं काढलेलं काळं तेलही नको, त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो. गंज सोडवायचा फवारा मिळतो, तो अडकलेला नट सोडवायला चांगला. पण वंगण म्हणून त्याच्यावर भागत नाही, त्याच्या मागोमाग तेल किंवा ग्रीस द्यावंच लागतं.

नळीवर तांबूस ठिपके आले असतील, तर जेवण गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा बोळा करून पाण्यात भिजवा आणि हलक्या हातानं घासा. वरवरचा गंज निघून जातो. पॉलिश पेपर मात्र लावायचा नाही. तो वरचा चकचकीत थरच काढून टाकतो आणि मग गंज दुप्पट वेगानं चढतो.

घरी करता येईल अशी दुरुस्ती

आधी अडकलेला शॉकअप. रबर वर करा, साफ करा, तेल सोडा, वीस-पंचवीस वेळा दाबा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा पुसा, पुन्हा तेल द्या, पुन्हा दाबा. दोन-तीन दिवस असं केलं तर कोरडा पडलेला शॉकअप बहुतेक वेळा मोकळा होतो. नाहीच झाला, तर आत गंज जास्त आहे.

आता सैल मान. हे काम एकदा हातात बसलं की पंधरा मिनिटांचं आहे. मानेच्या वर दोन चकत्या दिसतील. सगळ्यात वरचा मोठा नट म्हणजे कुलूप. त्याच्या खालची चकती छर्ऱ्यांना दाबून धरते. मोठ्या स्क्रू पान्यानं वरचा नट थोडा सैल करा. खालची चकती हातानं आवळत जा. हँडल हलवून बघा, टक-टक थांबली पाहिजे आणि हँडल अलगदही फिरलं पाहिजे. जात्याचा खुंटा जसा बेताचा लागतो, तसंच हे आहे. सैल राहिला तर जातं डुगडुगतं, घट्ट झाला तर ओढवत नाही. बेत जमला की खालची चकती धरून ठेवा आणि वरचा नट घट्ट करा. पुन्हा ब्रेक धरून हलवून बघा. वरचा नट आवळताना खालची चकती थोडी फिरते, म्हणून दोन-तीनदा करावं लागतं.

काही नव्या सायकलींत वर मोठा नट नसतो. वर एक टोपी असते आणि तिच्या मधे अ‍ॅलन कीचा बोल्ट असतो. तिथं आधी हँडलच्या दांड्याचे बाजूचे बोल्ट सैल करायचे, मग वरचा बोल्ट हळूहळू आवळायचा, टक-टक थांबली की थांबायचं, हँडल चाकाच्या सरळ रेषेत आणायचं आणि बाजूचे बोल्ट घट्ट करायचे. बाजूचे बोल्ट विसरले तर हँडल फिरतं, म्हणून पाचवी तपासणी पुन्हा करा.

वर्षातून एकदा, दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास पाऊस सरला की शॉकअपला आतून ग्रीस द्यावं. यासाठी चिमट्याच्या दोन्ही पायांच्या तळाशी बघा. खालून अ‍ॅलन कीचा बोल्ट दिसला, तर तो उघडण्याजोगा आहे. बोल्ट नसेल, तर तो बंद घडणीचा आहे. तो फोडायचा नाही, बाहेरूनच तेल द्यायचं.

उघडण्याजोगा असेल तर पहिल्या वेळी जाणकार दुकानदाराला गटाच्या बैठकीला बोलवा आणि त्याच्या समोर स्वतःच्या हातानं करा. पुढचं चाक काढायचं, ब्रेकची तार सोडायची. खालचे दोन्ही बोल्ट काढायचे. जाड नळ्या खाली ओढायच्या, अडकल्या तर लाकडाच्या तुकड्यानं हळूच ठोकायच्या. जुनं काळं ग्रीस पुसून काढायचं. नवं लिथियम ग्रीस बुशला आणि नळीला पातळ लावायचं. सिलिकॉन ग्रीस मिळालं तर जास्त चांगलं, ते रबराला बाधत नाही. थापून भरायचं नाही, आत जागाच उरत नाही. निघालेली प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रावर निघाली त्या क्रमानं मांडून ठेवायची, म्हणजे बसवताना गोंधळ होत नाही. बसवून झाल्यावर खालचे बोल्ट घट्ट आहेत ना, हे दोघींनी दोनदा बघायचं. मग हँडल धरून सायकल वर उचलायची आणि चाक खाली ओढून बघायचं. नळी बाहेर यायला लागली, तर बोल्ट नीट धरलेला नाही.

वरच्या बाजूच्या टोप्या मात्र एकटीनं उघडायच्या नाहीत. त्यांच्याखाली स्प्रिंग दाबलेली असू शकते. ती उसळली तर थेट तोंडावर येते.

कधी थांबायचं

मैत्रिणींनो, आता सगळ्यात महत्त्वाचं. सायकलची चेन तुटली तर पोरगी उतरून चालत येईल. चिमटा तुटला तर ती तोंडावर पडेल. दात, जबडा, कपाळ, असा तो मार असतो. म्हणून चिमट्याच्या बाबतीत ‘चालतंय तोवर चालू दे’ हे म्हणायचं नाही.

दोन पाय जिथं वर एकत्र येतात तिथं आणि जोडाच्या ठिकाणी बारीक चीर दिसली, रंग फुगून खालून गंज आला, तर सायकल बंद. एक पाय वाकडा दिसला, किंवा बाजूनं बघितल्यावर चाक पहिल्यापेक्षा मागं गेलेलं दिसलं, किंवा पेडल मारताना पाय चाकाला लागायला लागला, तर सायकल बंद. चकचकीत नळीला खोल चर पडला, तळाचा बोल्ट हरवला, स्प्रिंग तुटली, तरी बंद. पडझड झाली किंवा मोटारसायकलची धडक बसली, तर वरून काही दिसत नसलं तरी पाचही तपासण्या करूनच पुढं.

आणि वेल्डिंग करायचं नाही. ट्रॉलीच्या कडीला वेल्डिंग चालतं. सायकलच्या चिमट्याला नाही. वेल्डिंगच्या शेजारची पातळ नळी उष्णतेनं कमजोर होते आणि पुढच्या खड्ड्यात तिथंच तुटते. चिमटा बदलायचा. दुकानात जाताना जुना चिमटा सोबत न्या. चाकाचं माप, दांड्याची जाडी आणि लांबी, त्यावरचे आटे, आणि ब्रेक रबराचा आहे की डिस्कचा, हे सगळं जुळलं पाहिजे. शॉकअपच्या जागी साधा चिमटा बसवायचा असेल तर तोही बसतो. मात्र त्याची उंची जुन्या शॉकअपच्या जवळपास असावी, नाहीतर हँडलचा तोल बिघडतो.

दोन-तीन प्रश्न

एका ताईनं विचारलं, पोरगी म्हणते शॉकअपचीच सायकल पाहिजे, घेऊ का? मी म्हणते, पोरीला सोबत बसवून दोन्ही बाजू सांगा. डोंगरातल्या स्पर्धेची सायकल महाग असते आणि तिचा शॉकअप उड्या झेलण्यासाठी बनवलेला असतो. आपल्याकडच्या स्वस्त शॉकअपचं वजन दोन किलोच्या वर जातं. साधा चिमटा त्याच्या निम्म्याच्या आसपास. चढावर आणि समोरून वारं असताना हा फरक पायांना कळतो. साध्या चिमट्यात सरकणारा भाग नाही, म्हणून मातीनं बिघडायलाही काही नाही. रोजचा डांबरी किंवा बऱ्यापैकी मुरमाचा रस्ता असेल, तर साधा चिमटा आणि जरा जाड टायर ही जोडी टिकाऊ. पांदणीनं, दगडधोंड्यातनं रोज जायचं असेल, तर शॉकअपचा उपयोग आहे. पण मग पंधरा दिवसांची देखभाल आली. योजनेची रक्कम मुलीच्या नाहीतर पालकांच्या खात्यात येते, तेव्हा कोणती सायकल घ्यायची हे ठरवणं तुमच्याच हातात असतं. शाळेत मुख्याध्यापकांना आधी विचारून कागदपत्रं समजून घ्या, आणि सायकल घेतल्यावर बिल जपून ठेवा.

दुसरा प्रश्न, सायकल फार आदळते, शॉकअप बदलू का? आधी टायरची हवा बघा. टायरच्या कडेला हवेचं माप छापलेलं असतं. दगडासारखा टणक टायर असेल तर कोणताही शॉकअप धक्का थांबवू शकत नाही. हवा फार कमी असेल तर रिम खड्ड्यावर आपटते. योग्य हवेचा टायर हाच पहिला शॉकअप.

तिसरा, शॉकअपच्या वर गोल बटण आहे ते कशाचं? ते फिरवून स्प्रिंग थोडी आधीच दाबून ठेवता येते. अंगानं जड माणूस बसणार असेल तर आवळायचं, हलकी पोरगी असेल तर सैल ठेवायचं. दोन्ही बाजूंना बटणं असतील तर सारखी फिरवायची. काही सायकलींत एका बटणानं शॉकअप बंदच होतो. तो बंद ठेवून खड्ड्यातनं सायकल नेली की आतले भाग खराब होतात.

आणि एक न विचारलेलं सांगते. हँडलला पाण्याची कळशी, दुधाची किटली, दप्तर, जळणाची मोळी अडकवू नका. वजन मागं कॅरिअरवर बांधा. पुढचं वजन शॉकअप आणि मान दोन्ही खातं, आणि वळताना पोरीचा तोल जातो.

गटाची हत्यारपेटी

हे सगळं एकेकटीनं करायचं नाही. गटानं एक पेटी करावी. त्यात स्क्रू पाना, १४ आणि १५ नंबरचा पाना, अ‍ॅलन कीचा संच, पंचरचं सामान, हातपंप, शिलाई मशीनचं तेल, ग्रीसचा डबा, जुनी फडकी आणि दात घासायचे जुने ब्रश. एका बऱ्या साडीच्या पैशात एवढं सामान जमतं आणि वर्षानुवर्षं पुरतं. पेटी कुणाकडं आहे, कुणी नेली, परत कधी आली, हे गटाच्या वहीत लिहायचं. बचतीचा हिशेब ठेवणाऱ्या बायांना ते काही अवघड नाही.

महिन्याच्या बैठकीच्या दिवशी शाळेच्या मुलींनाही सायकली घेऊन बोलवा. आधी पोरींनी एकमेकींच्या सायकलींच्या पाच तपासण्या करायच्या, मग बैठक. पहिल्या महिन्यात दोन सायकली दुरुस्त होतील. हात बसला की चार होतील. शेजारच्या गावातली सायकल आली तर दहा-वीस रुपये घ्यायला लाजू नका, ते गटाच्या खात्यात जमा करा. ज्या पोरीला पाना धरता येतो ती वाटेत अडकली तरी घाबरत नाही, आणि हेही शिक्षणच आहे.

डोंगरातल्या सायकल स्पर्धांत आपल्या नगर जिल्ह्यातली प्रणिता सोमण ही मुलगी देशपातळीवर पोचली. आपल्या सगळ्या पोरी स्पर्धेला जाणार नाहीत. पण त्यांना रोजचे चार-पाच किलोमीटर तरी अडथळ्याविना पार करता यावेत.

तर या रविवारी एवढंच करा. सायकल ओसरीतून अंगणात घ्या, पुढचा ब्रेक दाबा आणि हँडलवर भार द्या. काय आवाज येतो ते ऐका. पुढच्या वेळी चेन आणि ब्रेकबद्दल बोलू. तुमचे प्रश्न गटाच्या ताईकडं लिहून द्या.